चौथीचा आवाज

आमच्या शाळेची पारख लोक कानानं करत. कसबा बावड्यात साखर कारखान्याकडे जाणाऱ्या रस्त्याला लागून ती प्राथमिक शाळा होती. चार वर्गखोल्या, हेडमास्तरांची एक लहान खोली, पुढं लांबलचक व्हरांडा आणि कुंपणाच्या पलीकडे चहाची टपरी. पाळी सुटलेले कामगार टपरीवर बसायचे, दूध घालून परतणारे शेतकरी सायकल टेकवून उभे राहायचे, आणि सगळ्यांच्या कानावर आमचा गलका पडत राहायचा. पहिलीतून बाराखडी, दुसरीतून पाढे, तिसरीतून कविता आणि चौथीतून धडा, सगळं एका सुरात आणि पत्रे हादरतील इतक्या मोठ्यानं. "आज साळा जोरात हाय," असं कुणी म्हणालं की हेडमास्तर दिवसभर खुशीत असायचे. आवाज जरा उतरला की टपरीवरचा एखादा फाटकातून डोकावून विचारायचा, "गुरुजी, आज सुट्टी दिलीसा व्हय?"

नव्वदीच्या दशकात मी या शाळेत आले आणि मला चौथीचा वर्ग मिळाला. चौथी म्हणजे आमच्याकडचा शेवटचा वर्ग. पाचवीला मुलं हायस्कुलात जायची, म्हणून चौथीच्या आवाजाला मान मोठा. आधीच्या गुरुजींनी वर्गाला वळण लावलेलं होतं. शिकवणाऱ्यानं एक वाक्य वाचायचं, मुलांनी ओळीवर बोट ठेवून ते मागोमाग म्हणायचं आणि पुढं सगळा धडा सगळ्यांनी मिळून. मी स्वतः याच पद्धतीनं शिकले होते, त्यामुळे मला त्यात काही खटकलं नाही. उलट पहिल्या महिन्यात मी घरी नवऱ्याला सांगितलं, माझा वर्ग काय वाचतो, एकदा ऐकायला ये.

वर्गाचा सूर धरायची ती खिडकीजवळ बसणारी एक मुलगी. दोन घट्ट वेण्या, लाल रिबिनी, गुडघ्यावर कायम एखादं खरचटलेलं. तिचे वडील कारखान्यात, ऊस जिथं येऊन पडतो त्या गव्हाणीवर कामाला होते आणि आई घरच्या दोन म्हशींचं दूध घालायची. पोरीचा आवाज असा खणखणीत की टपरीवरचा चहावालाही तो ओळखायचा. ती सुरू झाली की बाकीचे तिच्या मागं आपोआप जात. मी तिला मनातल्या मनात वर्गाची पुढारीण म्हणायची.

एका दुपारी वर्ग धडा वाचत होता आणि मी बसकरांच्या रांगांमधून फिरत होते. खिडकीजवळ आले आणि थांबले. पोरगी नेहमीसारखी घडाघडा वाचत होती, बोट ओळींवरून सरकत होतं, पण तिच्या पुस्तकात तो धडाच नव्हता. पुस्तक तिच्या चुलत भावाचं, जुनं, मधली पानं गळलेली. तिचं बोट फिरत होतं ते एका भलत्याच कवितेवरून.

मधल्या सुट्टीत मी तिला जवळ बसवलं आणि माझं पुस्तक उघडून दिलं. तिनं चित्र बघितलं आणि धडा सुरू केला. एक अक्षर चुकलं नाही. मग मी पान उलटलं आणि वरच्या चित्रावर तळहात ठेवला.

"वाच आता."

तिनं ओळीवर बोट ठेवलं, पण ते पुढं सरकेना.

"वाच की गं."

"कुठला धडा हाय बाई?"

"ते तूच सांगायचं. खाली लिहिलंय ना सगळं."

ती अक्षरांकडे बघतच नव्हती. ती माझ्या हाताकडे बघत होती. शेवटी काकुळतीला येऊन म्हणाली, "हात काढा की बाई."

चौथीपर्यंत आलेली, सगळ्या वर्गाला ओढून नेणारी मुलगी, आणि तिला एक ओळ वाचता येत नव्हती. तिच्याकडे होती ती फक्त कानाची आणि डोक्याची विलक्षण ताकद. एकदा ऐकलेलं ती विसरत नसे. आमच्या एका सुराच्या वाचनात तिला लपायलासुद्धा लागलं नव्हतं, ती सगळ्यांच्या पुढं उभी होती.

त्यानंतर मी वर्गातल्या प्रत्येकाला एकेकटं घेऊन वाचायला लावलं, चित्रावर हात ठेवून. तेव्हा कळलं की माझा एक वर्ग नव्हताच. बौद्ध वस्तीतली एक मुलगी होती, वडील पोस्टात कारकून, घरी पुस्तकांनी भरलेलं कपाट. ती चौथीचं पुस्तक जूनमध्येच संपवून बसली होती आणि आमच्या कोरसमध्ये जांभया देत होती. एक मुलगा एका कानानं बहिरा निघाला. तो नुसते ओठ हलवायचा, आणि एकटा बसवल्यावर मात्र डोळ्यांनी सरळ वाचत गेला. चंदगडहून आलेली एक पोर अक्षरं ओळखायची, पण पुस्तकातले निम्मे शब्द तिच्या घरच्या बोलीत नव्हतेच, त्यामुळे वाचून झाल्यावर तोंडाकडे बघत बसायची. आणि या सगळ्यांना मी रोज एका दोरीनं बांधून एकाच चालीनं पळवत होते.

मी मूळची तापट. सासूबाई म्हणायच्या, हिच्या नाकावर राग बसलेलाच असतो. त्या रागानं मी दुसऱ्या दिवशी वर्गात जाहीर केलं, "उद्यापासून मिळून वाचायचं बंद. पाढे आणि कविता मिळून. धडा ज्याचा त्यानं, दोघादोघांनी, कुजबुजत."

दोन दिवस मुलांना गंमत वाटली. तिसऱ्या दिवशी हेडमास्तर दारात उभे. माणूस प्रेमळ, निवृत्तीला आलेला, आवाज मात्र तालमीतला.

"बाई, चौथीचा आवाज गेला कुठं?"

"वाचतायत, गुरुजी."

"वाचतायत ते दिसतंय मला. ऐकू येत न्हाई. टपरीवर माणसं बोलायला लागल्यात, नव्या बाई शिकवत न्हाईत, पोरं नुसती फुसफुस करत्यात म्हणून."

"करू देत की. फुसफुस करूनच निम्म्यांना वाचायला येईल."

"अहो, पण आवाजाशिवाय साळा कशी वाटंल?" ते खरोखर कळवळून बोलत होते. मला हसूही आलं आणि चीडही आली. शेवटी ठरलं ते असं: सकाळचा पहिला तास पाढ्यांचा, तो रस्त्यापर्यंत जाईल एवढ्या जोरात. मग वाचनाचं माझं मी बघेन. पहिल्या तासाला माझी पोरं एवढी ओरडायची की पाढे ऐकून टपरीवाल्याचं समाधान व्हायचं, आणि नंतर दार लोटून घेऊन आम्ही आमच्या कामाला लागायचो. तरी पालक भेटले की टोमणा असायचाच. "काय बाई, घसा बसलाय काय चौथीचा?" मी म्हणायची, "व्हय, औषध चालू आहे."

सगळ्यात जास्त रागावली होती ती खिडकीजवळची. तिची गादीच काढून घेतली होती ना मी! कोरस बंद झाल्यावर ती वर्गातली पुढारीण राहिली नाही, एका दिवसात सगळ्यात मागची झाली. हे तिला कळत होतं आणि सगळ्यांना कळत होतं. ती वर्गात माझ्याकडे पाठ करून बसायला लागली. एकदा तोंडावर म्हणाली, "मला वाचाय येत हुतं. तुम्ही मोडलासा." आमच्याकडं मुली "मी जातो, मी येतो" असं पोरांसारखं बोलतात, आणि भांडतातही पोरांसारख्या. मला ती भांडली याचं बरं वाटलं. रडली असती तर मला जड गेलं असतं.

पुढं दोन हजारच्या सुमारास आम्हा शिक्षकांची प्रशिक्षणं सुरू झाली, तेव्हा एका तज्ज्ञांनी फळ्यावर अशा मुलांसाठी एक शास्त्रीय नाव लिहिलं आणि त्यांची लक्षणं सांगितली. अक्षरं सारखी दिसणं, ओळ सुटणं, ऐकलेलं पक्कं आणि पाहिलेलं पुसट. मी मागच्या बाकावर बसून एकेक लक्षण ऐकत होते आणि मला तिच्या लाल रिबिनी दिसत होत्या. पण तेव्हा माझ्याजवळ ते नाव नव्हतं आणि कसलं पुस्तकही नव्हतं. घरातली एक जुनी परात होती. त्यात गव्हाचा कोंडा पसरून मी तिला बोटानं अक्षर काढायला लावायची. म, भ आणि ग तिला एकाच घरचे वाटायचे. डोळ्यांनी जे वेगळं होत नव्हतं ते बोटाच्या वळणानं हळूहळू वेगळं व्हायला लागलं. बुटाच्या खोक्याचा पुठ्ठा कापून मी त्याला खिडकी पाडली. ती ओळीवर ठेवली की एका वेळी एकच शब्द दिसायचा, बाकीची गर्दी झाकलेली.

तिच्या जोडीला मी पोस्टातल्या कारकुनाची मुलगी दिली. ही पहिली जोडी म्हणजे डोकेदुखीच होती. वाचणारी एवढी चटपटीत की दुसरीनं शब्दाकडे बघायच्या आत उत्तर सांगून मोकळी. मी तिला सांगितलं, "तुझं काम एकच. तोंडावर बोट. तिनं विचारल्याशिवाय बोट काढायचं नाही." त्या पोरीला गप्प बसणं जेवढं अवघड गेलं, तेवढं दुसरीला वाचणं गेलं नसेल. पण ती टिकली. तोंडावर बोट, डोळे विस्फारलेले, आणि बसल्या जागी चुळबुळ. पुढं पुढं तिच्या लक्षात आलं की वाट बघणं हेही काम आहे, आणि मग ते तिनं पहिल्या नंबरात यायच्या जिद्दीनं केलं.

एक अडचण मात्र सुटत नव्हती. मी काहीही वाचायला दिलं की दुसऱ्या दिवशी ते तिला पाठ. वर्गात झालेले धडे तर होतेच पाठ. म्हणून मी तिच्याच तोंडची वाक्यं पाटीवर लिहायला लागले. ती बोलायची, मी लिहायची, ती वाचायची. ती "हाय" म्हणाली तर मी "हाय" लिहायची. हेडमास्तरांनी ते एकदा बघितलं आणि कपाळाला हात लावला. "बाई, निदान आहे तरी लिवा!" मी म्हटलं, "गुरुजी, आधी तिला तिचं तिच्यासारखं वाचू दे. शुद्ध मग करू." ते पुटपुटत गेले. पण तीही वाक्यं तिला पाठ व्हायची, स्वतःचीच असल्यामुळे जास्तच लवकर.

मग मी लबाडी केली. आदल्या दिवशी तिनं सांगितलं होतं, "काल म्हशीनं मला लाथ मारली." रात्रीतून मी पाटी पुसली आणि दुसरंच लिहून आणलं. सकाळी तिनं पाटी बघितली आणि बोट ठेवून सुरू केलं, "काल म्हशीनं मला..." आणि अडली. बोट मागं आलं. पुन्हा पुढं गेलं. ओठ हलले. "गु... गुरु... गुरुजीं... ना..." तिनं मान वर केली. डोळे मोठे झाले. "काल म्हशीनं गुरुजींना लाथ मारली?" आणि ती अशी खदखदून हसली की तिच्या जोडीदारणीचं बोट तोंडावरून निसटलं आणि तीही हसत सुटली. मी पण हसले आणि हसता हसता डोळ्यांत पाणी आलं. ते पोरींना दिसू नये म्हणून फळ्याकडं वळले. तिला जे अपेक्षित होतं ते अक्षरांत नव्हतं, आणि ते तिला अक्षरांनी सांगितलं होतं. मी वाट बघत होते ती याचीच. त्या दिवसापासून रोज एखादं वाक्य खोटं असायचं आणि ती ते शोधायला टपलेली असायची.

दिवाळीनंतर कारखान्याचा हंगाम सुरू झाला, बावड्यावर मळीचा वास पसरला आणि एका सकाळी तिचे वडील पाळी संपवून शाळेत आले. उंचपुरा माणूस, अंगावर उसाचं भुसकट. लिहिता-वाचता येत नव्हतं, पण पोरांच्या शिक्षणाला नाही म्हणणारा गृहस्थ नव्हता. मोठा मुलगा हायस्कुलात होता.

"बाई, सांगायला आलोय. पोरीला चौथी झाली की कागलला धाडणार हाय. तिची मावशी हाय तितं. तिची पोरं ल्हान हायत, सांभाळायला माणूस पायजे."

"आणि पाचवी?"

"काय करायची पाचवी? आवं, ती वाचती घडाघडा, घरात समद्यास्नी वाचून दावती. आन् पेपरात बघावं तर भोपळा. म्हंजे वाचती, पर डोसक्यात काय ऱ्हात न्हाई. मग शिकवून उपेग काय?"

मी त्यांना सांगितलं की तिला वाचता येत नाही, तिला पाठ येतं, आणि डोकं तर तिचं सगळ्या वर्गात भारी आहे. ते हसले. माझी समजूत घातल्यासारखं म्हणाले, "बाई, म्या माझ्या कानानं ऐकलंय की."

माझ्या नाकावरचा राग जागा झाला. "बरं. एप्रिलात या. ती तुमच्यासमोर वाचेल. तोवर कागलचं नाव घरात काढायचं नाही."

त्यांनी जरा विचार केला. "ठीक हाय. एप्रिलात बघू. वाचून दावलं आन् पटलं तर ठेवतो."

त्या दिवसापासून आमच्या परातीला विश्रांती मिळाली नाही. शाळेच्या आधी अर्धा तास, मधल्या सुट्टीत, शनिवारी शाळा सुटल्यावर. पोरीला कागलचं कळलं होतं. ती आता माझ्याकडं पाठ करून बसत नव्हती. एकदा कोंड्यात बोट फिरवता फिरवता म्हणाली, "मावशीकडं पोरं लई रडत्यात." एवढंच. मी म्हटलं, "पुढचा शब्द काढ."

मार्चमध्ये हेडमास्तरांनी मला बोलावून हळू आवाजात एक तोड सुचवली. हळू बोलताना मी त्यांना प्रथमच ऐकत होते. "बाई, एवढा जीव का काढताय? बापाला वाचाय येत न्हाई. पोरीला एखादा धडा म्हणू दे, तिच्या त्या आवाजात. गुणांचं मी बघतो. बाप खूश, पोर पाचवीत."

त्यांच्या मनात पाप नव्हतं. तिला वाचवायचंच होतं त्यांना. पण मी म्हटलं, "गुरुजी, पाचवीत गेली तर तिथं ती पुन्हा तेच करणार. आणि एक दिवस कुणीतरी चित्रावर हात ठेवणार. मला नको."

एप्रिलात तिचे वडील आले. हंगाम संपत आला होता, पाळीवर जाता जाता वाकडी वाट करून आले होते, हातात जेवणाच्या डब्याची पिशवी. हेडमास्तरांच्या खोलीत आम्ही चौघं. मी पुस्तकाचा शेवटचा धडा काढला, जो वर्गात कधी मोठ्यानं वाचला नव्हता. पोरीनं पुठ्ठ्याची खिडकी ओळीवर ठेवली आणि सुरुवात केली.

ती वाचत होती. खरंखुरं वाचत होती. शब्दाशी थांबत, मागं जात, ओठातल्या ओठात जुळवत, एखादा चुकवून पुन्हा धरत. जोडाक्षर आलं की तिच्या कपाळावर आठी पडायची, मग शब्द सुटायचा आणि आठी जायची. अर्धं पान झालं आणि मी अभिमानानं वडिलांकडे बघितलं.

त्यांचा चेहरा पडला होता.

"बाई," ते म्हणाले, "ही तर पयल्यांदा लई भारी वाचत हुती. आता अडखळती. तुम्ही पोरीचं वाचन बिघडवलंसा की वो."

वर्षभर मी आवाजाशी भांडत आले होते आणि शेवटी आवाजच मला आडवा आला. हेडमास्तरांनी घाईघाईनं पोरीला कविता म्हणायला सांगितली. तिनं माझ्याकडं बघितलं, मी मान हलवली नाही, आणि तिनं खाली बघत कविता म्हटली, जुन्या खणखणीत आवाजात. वडील खुलले. "हां! असं वाचत हुती. ह्याला म्हणायचं वाचणं."

"ह्याला नाही म्हणायचं वाचणं!" माझा आवाज व्हरांड्यात गेला असणार. "ते तिला पाठ आहे. पुस्तकाकडं बघितलं तरी का तिनं? तुम्ही तिला असं काहीतरी द्या, जे तिनं कधी ऐकलेलं नाही."

ते थोडे दबकले. इकडंतिकडं बघून त्यांनी पिशवीतून डबा काढला, स्टीलचा, गोल. झाकणावर मशिनीनं नाव घातलेलं होतं, ठिपक्याठिपक्यांचं, भांड्यांच्या दुकानात घालून देतात तसलं. त्यांनी झाकण काढून पोरीपुढं धरलं.

"ह्ये वाच."

मला हात टेकल्यासारखं झालं. बापाच्या डब्यावर बापाचं नाव, हे घरातल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक असणार. ती ते न बघता सांगेल आणि त्यातून काहीच ठरणार नाही. पण आता मध्ये बोलणं शोभलं नसतं.

तिनं झाकण खिडकीच्या उजेडात तिरपं धरलं. पुठ्ठा लावून बघितला, तो बसेना, मग बोटाचं नख ठिपक्यांवरून फिरवत गेली. खूप वेळ लागला. मग तिनं एक नाव वाचलं. नाव आणि आडनाव.

ते तिच्या वडिलांचं नाव नव्हतं.

"बघा!" वडील एकदम म्हणाले, आणि त्यांच्या आवाजात आनंद नव्हता. "माझं नाव घालून घेतलंय म्या त्याच्यावर. दुकानात उभा राहून. बापाचं नाव वाचता येत न्हाई हिला."

मला वाटलं, संपलं. आता ही कागलला जाणार. हेडमास्तर टेबलावरची पेन्सिल उगाच सरळ करत होते.

पोरीनं पुन्हा नख फिरवलं. पुन्हा तेच नाव. वडिलांनी मान हलवली. "चुकतीस."

"न्हाई आप्पा." तिचा आवाज बारीक होता, पण हलत नव्हता. "तुमचं नाव मला ठावं हाय की. पर हितं त्ये लिवल्यालं न्हाई."

"आगं, माझा डबा हाय त्यो!"

"असू दे. हितं दुसरंच लिवलंय."

मी झाकण तिच्या हातातून घेतलं. वाचलं आणि हेडमास्तरांकडे दिलं. त्यांनी चष्मा लावला, झाकण लांब धरलं, जवळ धरलं आणि मोठ्यानं वाचलं. तेच नाव, तेच आडनाव, जे तिनं वाचलं होतं.

वडील उभेच राहिले. मग हळूहळू त्यांच्या तोंडावर काहीतरी उमटलं. तो माणूस त्यांच्याच पाळीत गव्हाणीवर कामाला होता. कारखान्यात नळाखाली सगळे डबे एकत्र धुतले जायचे, सगळे एकाच दुकानातले, एकाच मापाचे. झाकणं कधीतरी बदलली होती, आणि दोघांपैकी कुणालाच ते कळायचं कारण नव्हतं.

"त्याचं टोपण!" ते म्हणाले आणि हसायला लागले. हेडमास्तरही हसले, मीही. "इतकी वर्सं त्याचं टोपण घिऊन हिंडतोय व्हय म्या!" हसता हसता ते खुर्चीवर बसले आणि मग एकाएकी थांबले. स्वतःच्या उजव्या हाताचा अंगठा डोळ्यांपुढं धरून त्याकडे बघत राहिले.

"टोपणाचं जाऊ द्या, बाई," ते म्हणाले. "पर म्या किती कागदांवर ह्यो उठवलाय. कुणी म्हणालं, तुजं नाव हाय, हितं लाव, की लावला. त्यात काय लिवलं हुतं, कुणास ठाऊक."

पोरगी अजून त्यांच्यापुढं उभी होती.

"कागलला सांगून धाडतो," ते म्हणाले. "मावशीला म्हणावं, दुसरं माणूस बघा."

मग त्यांनी पोरीला हाताला धरून जवळ ओढलं आणि टेबलावरचं पुस्तक उचलून तिच्यापुढं ठेवलं.

"मघाचंच वाच परत. सुरुवातीपास्नं."

"मी हळू वाचतो, आप्पा," ती म्हणाली.

"हळूच वाच. म्या बसलोय की."